वाफसा जेवायला आला

परवा रात्री मला झोप लागली नाही. कारण ऐकून तुम्ही हसाल, पण सांगते.

माझी मुलगी रुंजी पहिलीत आहे. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "एक मुलगा तुमच्या मुलीला रोज ढकलतो. आणि ही काय करते? उठून उभी राहते. नुसती उभी. तोंडातून अक्षर नाही." घरी येऊन मी विचारलं, "अगं, उभी काय राहतेस?" तर ती म्हणाली, "तूच सांगितलंयस ना, कुणी ढकललं तर गप्प बसायचं नाही. म्हणून मी गप्प उभी राहते."

एम. ए. केलंय मी, मराठी विषय घेऊन. आणि माझीच मुलगी मराठीमुळं मार खाते. मग झोप कशी लागणार? या पोरीचं पुढं कसं व्हायचं? उद्या कुणी हिला "जरा हात दे" म्हटलं तर ही काय काढून देईल?

सकाळी तिची वेणी घालताना मी ठरवलं, हिला एक गोष्ट सांगायची. शब्द धरून चालणाऱ्या माणसाची. म्हणजे हिला आपोआप कळेल. माहेर शेतकऱ्याचं असल्यामुळं माझ्या गोष्टींत राजाराणी येत नाहीत, ट्रॅक्टर येतो. त्याला माझा इलाज नाही. गोष्ट अशी.

एक गाव होतं. त्या गावात झुंबर नावाचा एक शेतकरी राहायचा. भोळा होता. किती भोळा? तर कुणी "काय झुंबर, कसं काय?" म्हटलं की तो थांबायचा आणि खरोखर कसं काय ते सगळं सांगायचा.

त्याचं ओढ्याकाठी दोन एकर रान होतं. वडील होते तोवर शेती वडिलांनी केली. झुंबर नुसता बैलांच्या मागं चालायचा. मग वडील गेले, बैल म्हातारे झाले, आणि झुंबरला कुणाच्या मागं चालावं ते कळेना. त्याची बायको कौतिक हुशार होती. ती म्हणाली, "माझ्या मागं चाला."

यंदा त्यांना हरभरा पेरायचा होता. मूग निघाला होता, परतीचा पाऊस पडून गेला होता, जमिनीत भरपूर ओल होती. पण ओल काही कायमची राहत नाही. ती आहे तोवर पेरलं तर हरभरा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत नुसती ढेकळं. आणि पेरायला आता बैल नव्हते. गावात भाड्यानं मिळणारा ट्रॅक्टर एकच, लिंबाजीचा. त्याला मागं पेरणीयंत्र जोडलेलं. सगळं गाव त्याच्या मागं लागलेलं.

कौतिक म्हणाली, "अहो, लिंबाजीच्या ट्रॅक्टरला गर्दी होण्याआधी जा आणि आपला नंबर लावून या."

"हात्तिच्या!" झुंबर म्हणाला. "एवढंच ना?"

गेला. तासाभरानं परत आला. खूष.

"लावला नंबर?"

"लावला. पक्का लावला. तारेनं बांधून."

कौतिकनं दाराकडं पाहिलं. चौकटीवरची घर नंबराची पत्र्याची पाटी गायब होती.

"अगं, ट्रॅक्टरला आधीच कुणाचातरी नंबर होता," झुंबर म्हणाला. "मी त्याच्यावर आपला लावला. आता दुसऱ्या कुणाचा दिसतच नाही."

कौतिकनं कपाळावर हात मारला. "अहो, नंबर लावायचा म्हणजे पाटी नाही लावायची! लोक जिथं ओळीनं उभे असतील तिथं जायचं. शेवटच्या माणसाच्या मागं उभं राहायचं. मधे कुणाला घुसू द्यायचं नाही. आणि मोठ्यानं विचारायचं, माझा नंबर कितवा?"

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं की!"

झुंबर पुन्हा निघाला. वेशीपाशी बघतो तर लोक ओळीनं उभे. सगळे गप्प. झुंबरला आनंद झाला. तो पळत जाऊन ओळीत शिरला.

आता खरी गोष्ट अशी की गावातले एक वृद्ध गृहस्थ सकाळी वारले होते आणि ही त्यांची अंत्ययात्रा होती. (इथं मी जरा अडखळले. सहा वर्षांच्या मुलीला अंत्ययात्रा सांगावी का? पण ती म्हणाली, "पुढं?" म्हणून पुढं.)

झुंबरनं दोन्ही हात पसरले आणि कुणाला पुढं जाऊ देईना. मग मोठ्यानं विचारलं, "माझा नंबर कितवा?"

पुढची माणसं मागं वळून बघायला लागली.

"अहो, सांगा की! मला घाई आहे. आज लागला तर बरं होईल!"

त्याच्या पुढं उभे होते ऐंशी पार केलेले आबा. ते हळूच बाजूला झाले आणि म्हणाले, "तू हो बाबा पुढं. मला अजिबात घाई नाही."

लोकांनी झुंबरला धरून घरी आणून सोडलं.

कौतिकला तोंड लपवायला जागा राहिली नाही. "अहो, मयताला असं विचारतात होय? कुणी गेलं असं कळलं, की मान खाली घालायची. तोंडातून शब्द काढायचा नाही. जमलं तर खांदा द्यायचा. घरी यायचं, बाहेरच्या बाहेर अंघोळ करायची. बास!"

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी झुंबर थेट लिंबाजीच्या वाड्यावर गेला. वाटेत इकडंतिकडं बघितलं नाही. लिंबाजी ट्रॅक्टरशेजारी डोकं धरून बसला होता. कालची पाटी त्यानं काढून कोपऱ्यात फेकली होती, पण माणूस मनानं चांगला.

"ये झुंबर," तो म्हणाला. "तुझं पेरायचंय ना? पण काय सांगू, माझी बॅटरी गेली रे."

झुंबर जागच्या जागी थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मान खाली घातली.

"सकाळपर्यंत चांगली होती," लिंबाजी म्हणाला. "अचानक गेली."

झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं, तुझं रान कधी धरायचं? परवा चालेल?"

झुंबर गप्प.

"अरे, बोल की! परवा की तेरवा?"

झुंबर गप्प. लिंबाजीनं वाट पाहिली. मग शेजारी दुसरा शेतकरी उभा होता, त्याला परवाचा दिवस देऊन टाकला. एवढ्यात लिंबाजीचा भाऊ ती जड बॅटरी उचलून जीपकडं निघाला. झुंबर पुढं झाला, बॅटरीला खांदा दिला, तिला जीपपर्यंत पोचवलं, आणि घरी येऊन अंगणातच डोक्यावर पाण्याची घागर ओतून घेतली.

कौतिक धावत बाहेर आली. "अगं बाई! कोण गेलं?"

"लिंबाजीकडची बॅटरी," झुंबर कुडकुडत म्हणाला. "काही वय नव्हतं गं बिचारीचं."

कौतिक पायरीवर बसली. खूप वेळ बसली. मग उठून त्याला टॉवेल दिला.

"अहो," ती म्हणाली, "यंत्र बंद पडलं म्हणून रडत नाहीत. त्याला धक्का मारतात! चार माणसं गोळा करायची. मागं उभं राहायचं. हईऽऽ म्हणायचं आणि ढकलायचं. चालू झालं की सोडायचं."

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं की!"

तिसऱ्या दिवशी देवळासमोर सभा होती. तालुक्याहून शेतीखात्याचे साहेब आले होते. लिंबाजीही तिथंच असणार, म्हणून कौतिकनं झुंबरला पाठवलं. साहेब ओट्याच्या कडेला उभं राहून बोलत होते.

"शेतकरी बंधूंनो," साहेब म्हणाले, "तुमची तक्रार अशी की ट्रॅक्टर मोठ्या रानात आधी जातो आणि लहान शेतकऱ्याकडं येईपर्यंत ओल उडून जाते. बरोबर? पण ट्रॅक्टरवाल्याचंही ऐका. दीड-दोन एकरांचा तुकडा, वळतोय न वळतोय तोवर बांध येतो. त्याचं डिझेल वळण्यातच जातं. तेव्हा लहान शेतकऱ्यांनी एकत्र यावं. बांधाला बांध लागून असलेल्या चौघांनी मिळून एकदाच ट्रॅक्टर बोलवावा. त्यामुळं काय होईल? त्यामुळं..."

आणि साहेब थांबले. पाणी प्यायचं होतं त्यांना. ते पेला शोधायला लागले.

झुंबर उठला. शेजारच्या तिघांना म्हणाला, "चला रे! साहेब बंद पडले!"

तिघं काही उठले नाहीत. मग झुंबर एकटाच ओट्यावर चढला, साहेबांच्या मागं गेला आणि म्हणाला, "हईऽऽ!"

खाली चिखल होता म्हणून साहेबांना लागलं नाही. आणि ते लगेच चालू झाले. पण काय बोलले ते मी रुंजीला सांगितलं नाही, इथंही लिहीत नाही.

झुंबर घरी आला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. कौतिक दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"धक्का मारला की चालू होतं म्हणालीस ना? झाले की!"

"अहो, तो माणूस होता! माणूस बोलायचा थांबला तर आपण थांबायचं. तो काय सांगतोय ते नीट ऐकायचं आणि तसंच्या तसं करायचं. पडण्याआधी काय सांगत होते साहेब?"

"एकत्र या म्हणत होते. बांधाला बांध लागून असलेल्यांनी."

कौतिकच्या डोळ्यांत चमक आली. "बरोबर सांगितलं की त्यांनी! आपलं दोन एकर, त्याला लागून साळूबाईचं रान, तिच्या पलीकडं भानुदासचं. तिघांचं मिळून केलं तर लिंबाजी नाही कशाला म्हणेल? पण त्या दोघांचं भांडण. त्यांच्यातला बांध कुणी कोरला यावरून पाच वर्षं बोलणं नाही. त्यांना एकत्र आणायला पाहिजे."

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं की!"

"अहो, थांबा, मी येते..." पण झुंबर गेलासुद्धा.

दुपारी तो परत आला. "आणले एकत्र."

"खरंच? कुठं आहेत?"

"आपल्या गोठ्यात. साळूबाईला म्हटलं, वासरू बघायला ये. भानुदासला म्हटलं, वासरू बघायला ये. आत गेल्यावर बाहेरून कडी लावली. आता जातात कुठं?"

"अहो, आपल्याकडं वासरू कुठाय?"

"तेच बघतायत दोघं मिळून."

कौतिक धावली. गोठ्यातून आवाज येत होते. आधी साळूबाईचा. "बांध कोरताना लाज नाही वाटली?" मग भानुदासचा. "मी कोरला? तुझ्या म्हशीनं तुडवला तो!" मग दोघांचा एकदम. आणि मग जरा शांतता झाली आणि साळूबाई म्हणाली, "हा झुंबर एक येडा बघ." भानुदास म्हणाला, "येडा म्हणजे काय! पार येडा!" पाच वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. कौतिकनं कडी काढली, हात जोडले, चहा ठेवला आणि चहा उतू जाण्याआधी तिघांनी मिळून ट्रॅक्टर बोलवायचं ठरलंसुद्धा.

दोघं गेल्यावर ती झुंबरला म्हणाली, "काम झालं खरं, पण असं नसतं करायचं. माणसाला कोंडून ठेवत नाहीत. दारी आलेल्या माणसाला बसायला द्यावं, चहा द्यावा, भाकरी-पिठलं वाढावं. अगदी जातोच म्हणाला तर हात धरून थांबवावं. त्याला म्हणतात पाहुणचार."

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं की!"

आता लिंबाजीचं. तिघांचं मिळून सहा एकर सलग रान, हे ऐकल्यावर तो लगेच तयार झाला. झुंबरला म्हणाला, "येतो मी. फक्त वाफसा येऊ दे."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाऊस पडून गेला की जमिनीचा आधी चिखल असतो. त्यात ट्रॅक्टर रुततो. मग हळूहळू पाणी मुरतं आणि माती अशी होते की मुठीत धरली तर लाडू वळतो आणि सोडला तर फुटतो. ना चिखल, ना खडखडीत. त्याला म्हणतात वाफसा. जमिनीला वाफसा आला की पेरायचं. तो थोडाच काळ असतो. रुंजीलाही मी हे नीट समजावून सांगितलं, लाडवासकट.

पण झुंबरला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं, "कधी येईल वाफसा?"

"आज-उद्या येईल. तू रानातच थांब. आला की मला लगेच बोलव. आणि एक ध्यानात ठेव, वाफसा फार वेळ थांबत नाही. तो एकदा गेला की मी येऊन उपयोग नाही. मग तुझा हरभरा विसर."

झुंबरला घाम फुटला. वाफसा कोण हे माहीत नव्हतं, पण मोठा माणूस असणार. ज्याच्यासाठी लिंबाजीसुद्धा थांबतो असा.

सकाळी कौतिक बियाणं निवडत होती. झुंबरनं भाकरी-पिठलं बांधून घेतलं, किटलीत चहा घेतला, डोक्यावर खाट घेतली आणि रानाच्या मधोमध जाऊन बसला. वाटेनं एक मेंढपाळ गेला. झुंबरनं विचारलं, "तुम्ही वाफसा का?" मेंढपाळ म्हणाला, "नाही." एक मास्तर सायकलवरून गेले. "तुम्ही वाफसा का?" मास्तरांनी सायकल जोरात मारली. मग एक हडकुळा माणूस आला. त्याची शेळी हरवली होती आणि तो कालपासून उपाशी फिरत होता.

"तुम्ही वाफसा का?"

माणूस नाही म्हणणार होता. पण त्याला पिठल्याचा वास आला. "का बरं?" त्यानं विचारलं.

"वाफसा असाल तर बसा, जेवा."

"मग मीच वाफसा," माणूस म्हणाला आणि खाटेवर बसला.

झुंबरचा जीव भांड्यात पडला. त्यानं वाढलं. वाफशानं खाल्लं. आणखी वाढलं. वाफशानं आणखी खाल्लं, चहा प्यायला आणि खाटेवर आडवा झाला. झुंबर धावत जाऊन लिंबाजीला ओरडून आला, "वाफसा आला! लवकर चल!"

लिंबाजी ट्रॅक्टर घेऊन आला. मागोमाग बियाणं घेऊन कौतिक, साळूबाई आणि भानुदास. लिंबाजीनं बांधावरूनच मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. "वा झुंबर! बरोबर ओळखलंस. अगदी मस्त वाफसा आलाय."

"आलाय ना? जेवलाय पण," झुंबर म्हणाला.

लिंबाजीचं लक्ष नव्हतं. त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. तसा झुंबर आडवा आला. "थांब! कुठं चाललास? मधे वाफसा आहे!"

"अरे, म्हणून तर चाललोय. वाफशावरच तर ट्रॅक्टर घालायचा असतो!"

"वाफशावर? ट्रॅक्टर? अरे, पाहुणा आहे तो आपला!"

"ऊन चढायला लागलं, झुंबर! उशीर झाला तर सगळं जाईल. सरक बाजूला, वाफशावर ट्रॅक्टर घालतो आणि मोकळा होतो!"

खाटेवरचा माणूस ताडकन उठून बसला. त्यानं ट्रॅक्टर पाहिला. ट्रॅक्टरमागच्या लोखंडी फाळांची ओळ पाहिली. लिंबाजीच्या मिशा पाहिल्या. आणि जो पळत सुटला, तो ओढा ओलांडून, बाभळी ओलांडून, पार दिसेनासा झाला.

"वाफसा चालला!" झुंबर बोंबलला. "धरा! वाफसा चालला!" आणि हात पसरून त्याच्या मागं पळाला.

आजूबाजूच्या रानांतली माणसं ते ऐकून दचकली. खाली वाकून त्यांनी आपापली माती मुठीत दाबून पाहिली.

"अहो, ऐका!" कौतिक ओरडली. पण झुंबरही दिसेनासा झाला होता. तिनं क्षणभर त्या दिशेला पाहिलं. मग लिंबाजीकडं पाहिलं. "लिंबाजीभावजी," ती म्हणाली, "ते परत यायच्या आत पेरून घ्या."

खाट उचलली. ट्रॅक्टर घातला. सहा एकर सलग रान, ना मधे वळायचं ना थांबायचं. बांधांपाशी यंत्र नुसतं वर उचलायचं आणि पलीकडं टेकवायचं. बघता बघता तिघांचा हरभरा मातीआड झाला. साळूबाईनं भानुदासला तंबाखूसुद्धा दिली.

ऊन कलल्यावर झुंबर घरी परत आला. टोपी नव्हती. एक चप्पल नव्हती. पण चेहरा नुसता उजळला होता. आणि त्याच्या मागून अंगणात एक एक करून सहा-सात अनोळखी माणसं आली आणि ओळीनं मांडी घालून बसली.

"अहो, हे कोण?" कौतिकनं विचारलं.

"तो काही सापडला नाही बघ," झुंबर धापा टाकत म्हणाला. "मग शेजारच्या गावात गेलो. पारापाशी उभा राहिलो आणि ओरडलो, इथं कुणी वाफसा आहे का, भाकरी-पिठलं मिळेल! तर काय सांगू तुला, निम्मा पार उठला. सगळे वाफसेच! आपल्याला उगाच वाटायचं, एकच असतो. अगं, आता लिंबाजीचीसुद्धा घाई नाही. आला काय, गेला काय! यांना आपल्याकडंच ठेवून घ्यायचं आणि वर्षभर कधीही पेरायचं. हं, वाढ आता. पोटभर वाढ. आणि ट्रॅक्टरचं नाव यांच्यासमोर अजिबात काढू नकोस."

कौतिकनं तोंड उघडलं. तेवढ्यात ओळीतला सगळ्यात वयस्कर वाफसा तिला म्हणाला, "वहिनी, पिठल्याबरोबर कांदा असला तर बघा."

इथं गोष्ट संपली. रुंजी पोट धरधरून हसली. पलंगावर लोळली. "वाफसा चालला!" म्हणून घरभर पळून आली. मला फार बरं वाटलं. सगळं कळलंय हिला, मी म्हटलं. उगाच रात्र जागवली आपण. तरी खात्री करावी म्हणून तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "मग सांग बघू, एवढ्या गोष्टीत झुंबरचं नेमकं चुकलं कुठं?"

रुंजी गंभीर झाली. तिनं विचार केला. पुष्कळ केला.

"त्यानं कुणालाच," ती म्हणाली, "जेवायच्या आधी हात धुवायला लावले नाहीत."